कबरीवरच्या कोंबड्या

आमच्या गावच्या दफनभूमीत कोंबड्या आहेत. जिवंत नव्हेत, दगडाच्या. जुन्या भागात सगळं रीतसर आहे. कबुतर म्हणजे शांतपणे निघून गेलेला जीव, कोकरू म्हणजे गरीब स्वभावाचा माणूस, मधेच मोडलेला खांब म्हणजे अवेळी गेलेला कर्ता पुरुष, एकमेकांत गुंतलेले हात म्हणजे नवराबायको. ते सगळं माझ्या बाबांनी आणि त्यांच्या आधीच्यांनी कोरलेलं. पण पाण्याच्या टाकीवरून नव्या भागाकडे वळलात की कोंबड्या सुरू होतात. बाहेरगावचे लोक थबकतात आणि हसू दाबत विचारतात, "ही इथली प्रथा का?" मग आमच्या गावचा कुणीही माणूस जरा दुखावला जाऊन सांगतो, "अर्थात. फार जुनी."

जुनी कसली डोंबलाची! ती प्रथा माझ्या काकूने एका सकाळी उभ्या उभ्या सुरू केली. मी शेजारीच होते आणि माझ्या पायावर तिचा पाय होता.

आमचं दगडाचं दुकान. पुढे गिऱ्हाइकांची खोली, मागे अंगण, मधे एक दार. त्या दाराची कडी कधीच नीट लागली नाही. बाबा चित्रं कोरायचे आणि मी अक्षरं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. ते पायऱ्या, उंबरे आणि कपडे धुवायचे दगड घडवायचे, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका दुपारी बाबांनी छिन्नी खाली ठेवली, छातीला हात लावून बसले, ते उठलेच नाहीत. दुकानात अर्धवट दगड, दारात लोक, आणि चित्रं कोरणारा माणूस गेलेला. काकांनी मुकाट्याने बाबांच्या बारीक छिन्न्या उचलल्या. पहिला दगड बाबांचाच होता. वर कबुतर काकांचं, खाली अक्षरं माझी.

आता पायऱ्या घडवणाऱ्याची एक सवय असते. दगड काढता येतो, काढलेला परत चिकटवता येत नाही, म्हणून तो जागोजागी थोडा दगड राखून ठेवतो. चुकलंच तर हाताशी असावा. पायरीला हे शहाणपण शोभतं, कबुतराला शोभत नाही. काकांनी पोटाला दगड राखला, पायांना राखला, मानेला राखला आणि डोक्यावर तर चांगला बोटभर राखला. दगड बसवला, कापड काढलं, आणि माझ्या बाबांच्या उशाशी एक लठ्ठ, तुरेवाली, अंडी उबवायला बसलेली कोंबडी दिसली.

काका तेव्हा फाटकाशी हातगाडी वळवत होते. जमलेल्या लोकांत शेजारचा शिंपी पुढे होता. तो वाकला, त्याने चष्मा पुसला, पुन्हा वाकला आणि म्हणाला, "कोंबडी?"

माझं तोंड उघडलं होतं. त्यातून काय बाहेर पडलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तेवढ्यात काकूने माझा पाय दाबला.

"कोंबडीच," ती म्हणाली. "जुना अर्थ आहे तो, आता लोक विसरले. आपलं-परकं न बघता जो सगळ्यांना पंखाखाली घेतो, त्याच्या दगडावर कोंबडी असते. आमचे भाऊजी तसे नव्हते का? तुम्हीच सांगा."

शिंप्याचं दुकान जळालं तेव्हा बाबांनी त्याला बायकोमुलांसकट आमच्या माडीवर ठेवून घेतलं होतं. शिंप्याने पुन्हा चष्मा काढला, पण या वेळी काच पुसायला नव्हे. मग एकेक जण पुढे येऊन त्या कोंबडीवर हात ठेवून जाऊ लागला. काकू चालत फाटकापाशी गेली आणि काकांना म्हणाली, "कबुतर सुरेख झालंय हो. लोक रडले." यातलं दुसरं वाक्य खरं होतं.

घरी आल्यावर मी भडकले. "माझ्या बापाच्या उशाशी कोंबडी! आणि तू तिला पंख लावून मोकळी!"

"हळू बोल," काकू म्हणाली. "तुझे काका तुला पुरते ठाऊक नाहीत. लग्न झालं तेव्हा गायचे. एका समारंभात कुणीतरी हसलं, त्यानंतर गाणं बंद. नदीत पोहायचे. कुणीतरी म्हणालं, म्हशीसारखे पोहता. त्यानंतर नदीवर फिरायलासुद्धा आले नाहीत. माणूस असा आहे बघ, कुणी हसलं की हातातलं टाकून देतो आणि परत उचलत नाही. गाणं गेलं, नदी गेली, आता भाऊ गेला. उद्या छिन्नीही टाकली तर हे भिंतीकडे तोंड करून बसतील. ते मला बघवायचं नाही. तेव्हा त्यांच्यापुढे ते कबुतर आहे आणि लोकांपुढे कोंबडी. तू फक्त तोंड बंद ठेव."

मी हात टेकले. पुढची कितीतरी वर्षं आमच्या दुकानात प्रत्येक दगडाच्या दोन गोष्टी असत. एक पुढच्या खोलीत सांगायची, एक मागच्या अंगणात. दोघी एकमेकींना भेटू नयेत एवढंच काकूचं काम. तिला मदत होती ती कापसाची. छिन्नीच्या आवाजाने कान जाऊ नयेत म्हणून काका कानांत कापसाचे बोळे घालत. आमचा धंदा आणि त्यांचा संसार त्या दोन बोळ्यांवर उभा होता.

आणि बोलणाऱ्याची मातीही खपते म्हणतात ते खोटं नाही. एका मुलाने आईसाठी कोकरू सांगितलं होतं. काकांनी पायांना दगड राखला, तोंडाला राखला, आणि कुत्रा निघाला. मुलगा दगडाकडे बघतच राहिला. काकूने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "आई घर सोडून कुठे जायची?" तो म्हणाला, "छे हो. मी परत येईपर्यंत दारातून हलायची नाही." "मग झालं तर," काकू म्हणाली. बस चालवणाऱ्याच्या दगडावरचं पुष्पचक्र हुबेहूब टायर झालं, तिथे तर तिला काही बोलावंही लागलं नाही. एका जोडप्याचे गुंतलेले हात पंजा लढवल्यासारखे आले. ते दोघं जन्मभर कडाकडा भांडले होते. त्यांची मुलगी बघता बघता हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. काका आतून ते बघत होते. त्यांना काकूने सांगितलं, "फार भावलं तिला."

मोडलेला खांब मात्र काकांना उत्तम जमायचा. मोडायला दगडाला काही शिकवावं लागत नाही.

यात माझं काय होत होतं ते कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगते. माझी अक्षरं चांगली होती. वेलांटीचं वळण, काना सरळ, दोन ओळींतली जागा, सगळं बाबांच्या हाताखाली घोटून घेतलेलं. आणि त्या अक्षरांच्या डोक्यावर कायम एक कोंबडी. एकदा मी काकूला म्हणाले की निदान माझ्या अक्षरांचा तरी विचार कर. ती म्हणाली, "बाई गं, अक्षरं वाचायला लोक एकदा थांबतात. कोंबडी बघायला पुन्हा येतात." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यात ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबल्या.

मग लोक आपण होऊन कोंबडी मागायला लागले. "आमच्या आजोबांना आहे, मग आजीने काय घोडं मारलंय?" असं म्हणत भांडायला यायचे. अमक्याला कोंबडी मिळाली आणि तमक्याला नुसतं पुस्तक, यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं. काकू ऐकून घ्यायची, आत जायची, काकांच्या एका कानातला बोळा काढायची आणि ओरडायची, "कबुतर हवंय त्यांना!" काका मान डोलवायचे, बोळा परत घालायचे आणि मन लावून कोंबडी कोरायचे. गिऱ्हाईक खूश, कारागीर खूश. मधे उभी राहून दोघांशी खोटं बोलणारी काकू सगळ्यांत खूश.

हे सगळं बुडायची वेळ आली ती हेडमास्तरांमुळे. निवृत्त माणूस, आवाज खणखणीत, आणि संध्याकाळी व्हायोलिन वाजवायचा नाद. त्यांनी पेटी उघडली की आळीतल्या खिडक्या एकामागून एक बंद व्हायच्या. त्यांची बायको मात्र समोर खुर्ची टाकून शेवटपर्यंत ऐकायची आणि म्हणायची, "आज तर फारच छान." ती गेली. मास्तरांनी कोंबडी मागितली, ती त्यांना मिळाली, आणि त्यांना कृतज्ञता आवरेना. कारागिराला भेटल्याशिवाय जाणार नाही म्हणाले. काकू आडवी येईतो मास्तर ते कडी न लागणारं दार ढकलून अंगणात पोचलेसुद्धा.

त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाले, "काय कोंबडी कोरलीत हो! अशी कोंबडी मी जन्मात पाहिली नाही!"

काकूचा चेहरा पांढराफटक पडला. मी दाराची चौकट धरली. काकांनी मास्तरांकडे बघून हसून मान हलवली, आपल्या कानांकडे बोट दाखवलं आणि पुन्हा दगडावर वाकले.

त्या रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "मास्तर काय म्हणत होते गं?"

"म्हणत होते, कबुतर सुरेख झालंय."

"हं," काका म्हणाले आणि भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून छिन्नीचा आवाज येईना. काकू पुढच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती, हातातला झाडू तसाच. तिला इतकी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. माझ्या बाबांच्या वेळी नाही, तिच्या स्वतःच्या दुखण्यातही पुढे नाही. "टाकली," ती पुटपुटली. "टाकली त्यांनी." मग ठोक ऐकू आली. काका नवा कापूस शोधत होते, एवढंच. काकू खाली बसली आणि पदर तोंडाला लावून खूप वेळ रडली. मला तेव्हा पहिल्यांदा तिच्या खोटेपणाचा राग येईनासा झाला.

काकू गेली ती पोटाच्या दुखण्याने, हळूहळू. शेवटी शेवटी तिने मला जवळ बसवून घेतलं.

"तुझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला," ती म्हणाली. "म्हणून आधीच सांगते. माझ्या दगडावर जे काही निघेल, मांजर निघो नाहीतर भोपळा, त्यांच्यापुढे त्याला कबुतर म्हणायचं. सुरेख झालंय म्हणायचं. शपथ घे."

मी शपथ घेतली. "आणि लोकांना काय सांगू?"

"ते तुझं तू बघ. माझ्या दगडाचा अर्थ मीच सांगून ठेवला तर बरं दिसेल का?"

ती गेल्यावर काकांनी अंगणाचं दार आतून ओढून घेतलं. कडी लागत नव्हती म्हणून दाराला दगड लावला. मी बाहेर बसून ठोक ऐकत होते. इतकी हलकी ठोक मी आमच्या अंगणातून बाबांच्यानंतर ऐकली नव्हती, पण म्हटलं, दुःखाने हात चालत नसेल. मी आपली आरशासमोर पाठ करत होते, "काका, कबुतर सुरेख झालंय." माझा चेहरा खोटं बोलायला अजिबात लायक नाही हे मला त्या आरशात कळलं.

एके दिवशी त्यांनी हाक मारली, "ये, अक्षरं घाल."

मी आत गेले. त्यांनी कापड काढलं.

मान किंचित वळलेली होती. पंख अर्धा उघडलेला, उडावं की बसावं अशा बेतात. पोट नव्हतं, तुरा नव्हता. चोचीशी दगड इतका पातळ होता की त्यातून उजेड येईल असं वाटलं.

"अहो काका!" मी ओरडले. "हे तर कबुतर आहे!"

बोलले आणि जीभ चावली. आयुष्यभर सांभाळलेली झाकली मूठ मी एका वाक्यात उघडून ठेवली होती.

काका माझ्याकडे शांतपणे बघत होते. "मग?" ते म्हणाले. "इतकी वर्षं काय होतं?"

मी ततपप करायला लागले. त्यांनी एका कानातला बोळा काढला, मग दुसऱ्यातला, आणि दोन्ही दगडावर ठेवले. "कोंबड्या होत्या," ते म्हणाले. "माहीत आहे मला. बस."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. शिंपी बोलला तेव्हा मी फाटकाशी होतो, पण वारा माझ्याकडे होता. छिन्नी तिथेच टाकणार होतो. तेवढ्यात तुझी काकू बोलायला लागली. दादाबद्दल इतकं चांगलं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग म्हटलं, टाकायची तर आहेच, दुसऱ्या दगडाला काय सांगते तेवढं ऐकू. मग तिसऱ्याला."

"आणि कापूस?"

"ठोकताना घालायचो. गिऱ्हाईक आलं की काढायचो, तुझी काकू आत यायला लागली की परत घालायचो."

"पण मास्तर आले तेव्हा तर..."

"मास्तरांपुढे कापसाचं काय चालणार?"

मला हसू आलं आणि मी ते आवरलं नाही. मग विचारलं, "असं कबुतर तुम्हाला कधीपासून येतं?"

"झाली बरीच वर्षं. फुटक्या लाद्यांवर करून बघायचो आणि फोडून टाकायचो. गिऱ्हाइकाच्या दगडावर नाही केलं. नीट कबुतर निघालं असतं तर ती काय सांगणार होती? कबुतर म्हणजे कबुतर. दोन मिनिटांत लोक उठून गेले असते."

"मग आता का?"

त्यांनी पंखावरची धूळ अंगठ्याने पुसली. "लोकांना ती रोज नवीन सांगायची. मला मात्र जन्मभर एकच सांगत आली, कबुतर सुरेख झालंय. एकदा तरी तिचं बोलणं खरं करायला नको?"

मी त्या पक्ष्याच्या डोक्याकडे बघत होते. तिथे कणभरही जादा दगड नव्हता. "या वेळी राखला नाहीत," मी म्हणाले.

"आता कुणासाठी राखायचा?"

मी रडणाऱ्यांपैकी नाही. पण त्या दिवशी अक्षरं घालताना मला दगड नीट दिसत नव्हता, आणि एक वेलांटी वाकडी आली. माझ्या आयुष्यात मी दगडावर वाकडी घातलेली तेवढी एकच. ती तशीच राहू दिली.

दगड बसवला त्या दिवशी सगळं गाव आलं होतं. जवळजवळ प्रत्येकाच्या घरी काकूने सांगितलेला एखादा अर्थ होता. कापड निघालं आणि कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, बिचाऱ्यांचा हात गेला. शिंपी, आता पार म्हातारा झालेला, वाकून बघून हळहळला, "या वेळी कोंबडी नाही जमली. दुःखात माणसाचं असंच होतं." मला ओरडून सांगावंसं वाटलं की अरे आंधळ्यांनो, या नव्या भागातला हा एकच पक्षी नीट कोरलाय. पण सांगून उपयोग नव्हता. ती नजर त्यांना काकूनेच दिली होती.

मग हेडमास्तर काठी टेकत पुढे आले. त्यांनी दगड बघितला, माझ्याकडे बघितलं आणि रागाने म्हणाले, "हे काय? काकूंना कोंबडी नाही? सगळ्या गावाला दिली आणि त्यांना नाही? हे काय आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी नजर फाटकाकडे गेली. काका हातगाडी धरून उभे होते. त्या दिवशी ठोकायचं काही नव्हतं, तरी कानांत कापूस होता. माझ्या देखत त्यांनी एक बोळा काढला, मग दुसरा, आणि मान जराशी वळवून उभे राहिले.

"कबुतर आहे," मी मास्तरांना म्हणाले. माझा आवाज चढला होता, फाटकापर्यंत जावा म्हणून. "जुना अर्थ आहे. जी बाई एका माणसाचं मन राखायला जन्मभर खोटं बोलते, आणि तो माणूस ते सगळं कळूनसुद्धा ऐकत राहतो, तिच्या दगडावर कबुतर असतं."

मास्तरांच्या डाव्या हाताची बोटं कोटावर चाळवत होती, तारा दाबल्यासारखी. बराच वेळ ते त्या पक्ष्याकडे बघत राहिले. मग पलीकडच्या रांगेकडे, त्यांच्या बायकोच्या दगडाच्या दिशेने त्यांनी मान वळवली.

"असं असतं होय," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच शेवटच्या बाकापर्यंत पोचला नाही. "म्हणजे आमच्या हिच्या दगडावर कोंबडी चुकलीच."